कॅम्पर ट्रेलरचं बाथरूम उन्हात प्रचंड तापतं, काय करावं?

उनाड (धागाकर्ता)

मंडळी, ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) मध्यम लांबीचा आहे, छतावर एकच एसी. बसायची आणि झोपायची जागा भर दुपारीही बऱ्यापैकी गार राहते, पण बाथरूमचं दार उघडलं की झळ अंगावर येते. शॉवरच्या डोक्यावर घुमटासारखं स्कायलाइट (उजेडासाठी छतातली खिडकी) आहे. कमोडच्या वर १४ इंची व्हेंट (हवेसाठी छतातला झरोका) आणि त्यात पंखा. हा पंखा सकाळपासून चालू असतो, फरक शून्य. दुपारी तीनच्या सुमारास रबरी कपावर चिकटवलेली साबणदाणी आपोआप सुटून खाली पडते, कमोडच्या सीटवर बसवत नाही आणि टूथपेस्टचं झाकण उघडलं की पेस्ट आपणहून बाहेर यायला लागते. बाथरूमच्या छतात एसीची जाळी आहे, पण तिच्यासमोर ओला हात धरला तरी हवा लागत नाही.

जास्त ताकदीचा पंखा बसवावा असा विचार आहे. कोणी बसवलाय का? की छोटा वेगळा एसीच घ्यावा? दार बंदच ठेवतो, कारण ऊन चढलं की वासही येतो.

जुनाट_चाक

+१. आमच्याकडेही हीच गत. वाचनखूण साठवतोय.

नटबोल्ट

पंखा घ्यायच्या आधी एवढं सांगा: स्कायलाइट पारदर्शक आहे की दुधी? दाराखाली फट किती? एसी चालू असतानाही बाथरूमचा पंखा चालूच असतो का? आणि गीझर कुठे बसवलाय?

उनाड

काका, स्कायलाइट पूर्ण पारदर्शक. दाराखाली फट जवळजवळ नाहीच, कागद जेमतेम सरकेल. हो, एसी आणि पंखा दोन्ही चालू असतात. गीझर बाथरूमला लागूनच, बेसिनच्या कपाटामागे.

नटबोल्ट

मग पंखा बिघडलेला नाही, आणि मोठा आणून फारसं काही साधणारही नाही. आकडे मांडतो, चूभूद्याघ्या.

निरभ्र आकाश आणि डोक्यावर सूर्य असेल तर आडव्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला साधारण १००० वॅट ऊन पडतं. शॉवरवरची स्कायलाइट बरेचदा १४ बाय २२ इंची असतात, म्हणजे ०.२ चौरस मीटर. स्वच्छ अ‍ॅक्रिलिक त्यातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास आत सोडतं. हिशेब केला तर दुपारभर १८० वॅटचा हीटर चालू आहे आणि त्याला बटण नाही. आता बाथरूम केवढं? तीन फूट बाय पाच फूट, उंची साडेसहा धरा. आत हवा भरते पावणेतीन घनमीटर, वजनाने तीनेक किलो. सगळी उष्णता फक्त हवेला मिळाली तर ती सतरा सेकंदांत एक अंशाने तापेल! प्रत्यक्षात ऊन आधी शॉवरच्या तळाला, भिंतीला आणि कमोडला तापवतं आणि मग हे सगळे मिळून हवेला तापवत बसतात. म्हणून पारा तसा झरझर चढत नाही, पण ऊन उतरल्यावरही बाथरूम लवकर निवत नाही ते याचमुळे. पंखा आतली हवा सारखी बदलत राहील, पण शॉवरचा तळ तापलेला तो तापलेलाच.

दुसरं म्हणजे पंखा हवा बाहेर फेकतो तेव्हा तेवढीच कुठून तरी आत यायला हवी. तुमचं दार बंद, खाली फट नाही, खिडकीचा उल्लेख नाही. मग पंखा ओढणार कुठून? कमोडच्या तळाच्या झडपेच्या कडेने, बेसिनच्या नळीतून, भिंतीतल्या पाइपांच्या भोकांतून. तुमच्या वासाचं निम्मं उत्तर इथेच आहे.

गीझर वापरात नसेल तेव्हा बंद ठेवा. टाकीला कितीही वेष्टण असलं तरी ती उष्णता सोडतेच, आणि कपाटात सोडलेली उष्णता शेवटी बाथरूममध्ये येते.

गिरकी

नटबोल्टकाकांना अनुमोदन. ऊन आत येऊन मग त्याच्याशी भांडण्यापेक्षा छतावरच अडवा.

माझं आवरण सांगते. पांढरं जाड विनाइल, घुमटापेक्षा चारही बाजूंनी चार-पाच बोटं मोठं, कडेला इलॅस्टिकची दोरी ओवलेली. आतल्या बाजूला काही लावलेलं नाही. घुमटाच्या माथ्याला कापड टेकू नये म्हणून मधे स्पंजचे छोटे तुकडे ठेवलेत, त्यामुळे बोटभर हवा खेळते. कापड तापतं, पण त्याखालची हवा वाहून जाते आणि अ‍ॅक्रिलिकपर्यंत ती उष्णता फारशी पोचत नाही. आवरण घालून अर्ध्या तासाने आत जाऊन स्कायलाइटला खालून हात लावून बघा. आधी हात टेकवत नसेल तिथे आता नुसतं कोमट लागेल.

दोन सूचना. ट्रेलर ओढायच्या आधी आवरण उतरवायचंच, वाऱ्याने ते फाटतं किंवा उडून मागच्या गाडीच्या काचेवर जातं. आणि छतावर चढण्याआधी आपलं छत माणसाचं वजन पेलणारं आहे का ते पुस्तिकेत बघा, सगळी छतं तशी नसतात. माझं नाही. मी शिडीवर उभी राहून, काठीला आकडा लावून आवरण सरकवते. दिसायला हास्यास्पद, पण जमतं.

पाना_पक्कड

गिरकीताई, रोज शिडी कोण लावणार? मी आतून फॉइलची उशी घुसवतो. व्हेंटसाठी १४ इंची चौकोनी उशा तयार मिळतात, एका बाजूला चकाकती फॉइल. स्कायलाइटसाठी फॉइल-बबल शीट कापून त्याच मापाची केली. खाली उभं राहून दोन मिनिटांत काम होतं. उगाच छतावर कसरत नको.

गिरकी

पण मग उष्णता घुमट आणि उशी यांच्यामध्ये कोंडून राहते ना? अनेक स्कायलाइटना आतून पातळ प्लास्टिकचा दुसरा घुमट असतो. तो त्या कोंडीत वाकतो, पिवळा पडतो, स्क्रूपाशी तडकतो. मी तडकलेले पाहिलेत.

नटबोल्ट

दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे. घुमट पारदर्शक असेल तर वर तोंड करून ठेवलेली फॉइल आलेलं ऊन प्रकाशाच्याच रूपात आल्या वाटेने बाहेर परतवते, त्यामुळे आतली उशी बऱ्यापैकी काम करते. व्हेंटचं झाकण धुरकट काळपट असेल तर गोष्ट वेगळी. असं झाकण ऊन स्वतःच पिऊन तापतं आणि मग खाली उष्णता सोडत राहतं. तिथे उशी झळ अडवते पण झाकणाला वाचवत नाही. अशा ठिकाणी बाहेरून सावली, किंवा मग पांढरं झाकण.

फॉइलबद्दल एक गोष्ट हमखास विसरली जाते. तापलेल्या प्लास्टिकची झळ अडवायला तिच्या चकाकीचा उपयोग समोर हवेची मोकळी जागा असेल तरच. फॉइल प्लास्टिकला घट्ट चिकटवली की ती नुसता धातूचा पापुद्रा, उष्णता सरळ आरपार. बोटभर अंतर ठेवा.

आणि चिकटपट्टी लावू नका! दोन-चार दुपारी तापली की तिचा गोंद काकवीसारखा पातळ होतो, मग शीट लोंबते आणि गोंद अ‍ॅक्रिलिकवर राहतो. तो काढायला थिनर वापरला की अ‍ॅक्रिलिकवर बारीक केसासारख्या भेगा येतात. शीट अर्धा इंच मोठी कापून नुसती दाबून बसवली तर आपोआप अडकते, नाहीतर वेल्क्रो शीटला शिवून आणि चौकटीला स्क्रूने लावा.

दिशाहीन

प्रश्न: घुमटालाच पांढरा स्प्रे मारला तर? किंवा गाडीच्या काचेची काळी फिल्म?

नटबोल्ट

दोन्ही नको. स्प्रेमधलं द्रावक अ‍ॅक्रिलिक, पॉलिकार्बोनेट दोन्हींना खाऊ शकतं. काचेसाठी बनवलेली फिल्म प्लास्टिकवर फुगे धरते, आणि काळी असेल तर घुमटाला आणखी तापवते. अमोनिया असलेला काच-क्लीनरसुद्धा स्कायलाइटवर मारू नका. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे.

अवांतर: छत धुता का? पांढरं छत नवं असताना बहुतांश ऊन परतवतं, पण धूळ आणि झाडांचा चीक बसून ते मातकट झालं की बरंच जास्त ऊन पोटात घेतं. छत रबराचं असेल तर पेट्रोलजन्य क्लीनर टाळा, रबर फुगतं.

सावकाश_चला

एसी आणि पंखा एकदम चालू, यावर कोणीच नीट बोललं नाही म्हणून लिहितो. मला यातच सगळ्यात मोठी गफलत दिसते.

छतावरचा १३,५०० बीटीयूचा एसी म्हणजे ढोबळ ४ किलोवॅट उष्णता बाहेर काढणारं यंत्र. तो बाहेरची हवा घेत नाही. आतलीच हवा जाळीतून ओढतो, गार करतो, परत आत सोडतो. आता चांगला १४ इंची व्हेंट पंखा पूर्ण वेगात मिनिटाला ९०० घनफूट, म्हणजे २५ घनमीटर हवा बाहेर फेकू शकतो. तेवढीच बाहेरची तापलेली हवा दाराच्या, खिडक्यांच्या, कपाटांच्या फटींतून आत येते. आतबाहेर १५ अंशांचा फरक असेल तर या हवेबरोबर ७ किलोवॅटच्या वर उष्णता येते. चारचा एसी आणि सातची आवक! दार बंद असल्यामुळे तुमच्याकडे पंखा एवढी हवा ओढू शकत नाही म्हणून बैठक गार राहते आहे. त्याच पंख्याच्या जागी तगडा पंखा लावून दार उघडं ठेवलंत तर बैठकही तापेल.

म्हणून एसी चालू असेल तेव्हा बाथरूमचा पंखा बंद आणि व्हेंटचं झाकण लावलेलं. अपवाद फक्त अंघोळीनंतरचा. एसी बंद असेल, बाहेर आतल्यापेक्षा गार असेल, म्हणजे पहाटे आणि रात्री, तेव्हा पंखा पूर्ण वेगात, सावलीच्या बाजूची एक खिडकी थोडी उघडी आणि बाथरूमचं दार सताड. बाथरूमची स्वतःची खिडकी मात्र तेव्हा बंद ठेवायची. नाहीतर पंखा जवळच्या खिडकीतूनच हवा ओढतो आणि उरलेल्या ट्रेलरला काही मिळत नाही.

दुसरा मुद्दा, तुमच्या जाळीतून हवा का येत नाही. दोन शक्यता, बहुतेक दोन्ही. एक: दाराखाली फट नाही. एसीची हवा बंद खोलीत शिरायची तर आधीची हवा बाहेर पडायला हवी. दार खालून बोटभर कापा किंवा दारात खालच्या बाजूला तिरप्या पट्ट्यांची जाळी बसवा. बसवण्यापूर्वी चाचणी सोपी आहे, दार चार बोटं उघडं ठेवून जाळीसमोर टिश्यूचा कागद धरा. हलला तर रोग कळला.

दोन: एसीच्या पोटातली गळती. आतलं प्लास्टिकचं आवरण चार स्क्रूंवर असतं. वीज पूर्ण तोडून ते उतरवा आणि टॉर्च घेऊन आत बघा. गार हवेचा आणि परतीच्या हवेचा कप्पा वेगळा असायला हवा. मधला पडदा कित्येकदा नुसता फोमच्या पट्टीवर टेकवलेला असतो आणि नलिकांची तोंडं छताच्या कापलेल्या भोकाला धड जोडलेलीच नसतात. गार हवा छताच्या पोकळीत हिंडते किंवा सरळ परतीच्या जाळीत जाते. आमच्याकडे एका नलिकेच्या तोंडावर कारखान्यातला लाकडाचा भुसा आणि प्लायचा तुकडा तसाच पडलेला होता. सगळे सांधे अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइल टेपने बंद करा. राखाडी कापडी टेप नको, तिचा गोंद उष्णतेत सुटतो. मग प्रत्येक जाळी उतरवून तिच्या भोवतीची फटही तशीच बंद करा. बाथरूम एसीपासून लांब, नलिकेच्या टोकाला असेल तर सगळ्यात जास्त फरक तिथेच जाणवतो.

आणि हो, बैठकीतल्या जाळ्या अर्ध्या मिटवल्या की उरलेली हवा पुढे सरकते. सगळ्या मिटवू नका, एसीवर बर्फ धरतो.

जुनाट_चाक

टिश्यूची चाचणी आत्ताच केली. कागद दार बंद असताना मेल्यागत, दार उघडल्यावर फडफडतो. करवत काढतोय.

गिरकी

बिजागऱ्या सोडवून दार खाली उतरवून काप बाबा, जागेवर नको! ट्रेलरची दारं आतून पोकळ असतात, पातळ प्लायचा चुरा उडतो. कापायच्या रेषेवर आधी मास्किंग टेप लाव. आणि खालची लाकडी पट्टी पूर्ण कापली जात नाही ना तेही बघ.

घंटानाद

वासाबद्दल. उष्णतेत ब्लॅक टँकमधली (मैल्याच्या टाकीतली) सडण्याची क्रिया जोरात होते, वायू जास्त तयार होतो. त्याने छतावरच्या नळीने बाहेर जावं अशी अपेक्षा. पण पंखा चालू ठेवून कमोडचं पेडल दाबलंत तर पंखा टाकीतली हवा सरळ वर खेचतो. फ्लश करण्याआधी पंखा बंद, किंवा खिडकी उघडी. एवढ्या एका सवयीने निम्मी तक्रार जाते.

उरलेली निम्मी पाण्याची. कमोडच्या तळाशी दोन बोटं पाणी टिकलंच पाहिजे, तेच बूच. तासाभरात पाणी उतरत असेल तर रबरी सील पुसा, त्याला सिलिकॉन ग्रीस लावा, नाहीतर बदला. शॉवर आणि बेसिनखालच्या पी-ट्रॅपमधलं (वास अडवायला पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या नळीतलं) पाणी उन्हाळ्यात लवकर आटतं, शिवाय प्रवासात हिंदकळून जातं. मुक्कामी पोचल्यावर प्रत्येक भोकात तांब्याभर पाणी ओतायचं. टाकी रिकामी केल्यावर कोरडी ठेवू नका, तळ झाकेल एवढं पाणी परत घाला.

दिशाहीन

वेगळा छोटा एसी किंवा ओल्या जाळीचा कूलर बाथरूममध्ये ठेवला तर?

पाना_पक्कड

जमिनीवर ठेवायचा एसी जागा खातो, आणि एक नळी असलेला एसी आतलीच हवा बाहेर फेकतो, म्हणजे पुन्हा पंख्याचीच कथा. शिवाय ओल्या जागेत वीज. नकोच. कूलर मात्र कोरड्या हवेत छान चालतो, माझा अनुभव चांगला आहे.

नटबोल्ट

बैठकीत चालेल, बाथरूममध्ये नाही. ३५ अंशांना पावणेतीन घनमीटर हवा पूर्ण दमट व्हायला शंभरेक ग्रॅम वाफ पुरते, म्हणजे अर्धी वाटी पाणी. एका गरम अंघोळीत हे होऊन जातं. त्यात कूलरची भर घातली तर घाम वाळणार नाही आणि कोपऱ्यात बुरशी धरेल.

अंघोळीनंतर मात्र एसी चालू असला तरी दहा मिनिटं पंखा लावा, बाथरूमची खिडकी थोडी उघडून आणि दार बंद करून, म्हणजे एसीची हवा वाया जात नाही. भिंती रबरी पट्टीने निपटून काढल्या तर वाळायचं पाणीच कमी राहतं.

पाना_पक्कड

हे पटलं. त्यापेक्षा दाराच्या खालच्या कोपऱ्यात छोटा १२ व्होल्टचा पंखा ठेवून बैठकीची गार हवा आत ढकलणं परवडतं. दार थोडं उघडं ठेवायचं, गार हवा खालून आत येते, गरम वरून बाहेर जाते. कॉम्प्युटरमधला जुना पंखासुद्धा चालतो, वीज नगण्य खातो.

रस्तापुत्र

ट्रेलर उभा कसा करता यावर कोणी काही म्हटलं नाही. उत्तर गोलार्धात दुपारचं ऊन बहुतेक वेळा दक्षिणेकडून, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडून. आणि दोन्हीकडे पश्चिमेचं ऊन सगळ्यात वाईट, कारण ते तिरपं येऊन उभ्या भिंतीवर पडतं आणि तोवर सगळं आधीच तापलेलं असतं. चांदणी (बाहेर ताणायचं सावलीचं कापडी छत) असते दाराच्या बाजूला, बाथरूम पुष्कळदा विरुद्ध बाजूला, म्हणजे त्याला चांदणीचा काही उपयोग नाही. मुक्कामाची जागा निवडताना बाथरूमची भिंत पूर्वेला किंवा सावलीच्या दिशेला येईल असं बघावं. ते नसेल शक्य तर त्या भिंतीपासून हातभर अंतरावर शेतीची हिरवी सावली-जाळी ताणायची. भिंतीला चिकटवून नाही.

झाडाखाली उभा केलात तर सोन्याहून पिवळं, पण वाळकी फांदी बघून. सोलर पॅनेल असेल तर सावलीत ते झोपणार, हेही गृहीत धरा. पॅनेल मात्र छतापासून उचलून बसवलेलं असेल तर स्वतःच सावली देतं. आमच्या बाथरूमवर एक आहे, त्याखालचा भाग उघड्या छतापेक्षा हाताला स्पष्ट गार लागतो.

उनाड

सर्वांचे आभार. पंख्याची खरेदी रद्द. आतापर्यंत केलेलं सांगतो. स्कायलाइटवर गिरकीताईंच्या पद्धतीचं पांढरं आवरण, व्हेंटमध्ये उशी, दुपारी पंखा बंद, दार खालून कापलं. एसी उघडला तर मधला पडदा एका बाजूने लोंबत होता, फॉइल टेप मारली. आता जाळीतून झोत येतो. बैठकीइतकं गार नाही झालं, पण सीटवर बसता येतं आणि साबणदाणी जागेवर आहे. वास घंटानाद यांच्या सांगण्याप्रमाणे पंखा-फ्लशचाच होता. शेव्हिंग फोमचा डबा मात्र कायमचा बैठकीत हलवला, त्यावर ५० अंशांच्या वर ठेवू नये असं छापलेलं आहे हे आत्ता वाचलं.

एक उरलंय. दुपारी थंड पाण्याचा नळ सोडला तरी आधी चटका देणारं पाणी येतं, त्यानेच बाथरूम पुन्हा दमट होतं. गीझर बंद आहे.

नटबोल्ट

बाहेरची पाण्याची नळी उन्हात पडलेली आहे का? अर्ध्या इंचाच्या पन्नास फुटी नळीत जवळपास दोन लिटर पाणी असतं आणि ते तापतं. नळी ट्रेलरच्या पोटाखालून सावलीतून न्या, उरलेली गुंडाळी उन्हात ठेवू नका, तिच्यावर पाइपांना चढवतात ती फोमची नळी चढवा. तरीही पहिलं पाणी गरम आलं तर ते शॉवरमध्ये सोडण्याऐवजी बादलीत घ्या, भांडी घासायला होईल.

उनाड

नळीची गुंडाळी छताच्या शिडीला टांगलेली आहे, पश्चिमेच्या बाजूला. आत्ताच उतरवतो.